परदेशी जावं, पण परतीची तारीख वहीत लिहून

मा. संपादक यांस, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र छापून आलंय, त्यात त्यांनी लिहिलंय की सीमाभागातली मराठी पोरं परदेशी पळायला लागलीत, घरात म्हातारी माणसंच राहिलीत, मग बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून चाललेला इथला लढा कुणी पुढं न्यायचा. त्यांची तळमळ खरी आहे, माझे बाबापण असंच बोलायचे. पण त्याच अंकात आतल्या पानावर परदेशी नोकरीच्या जाहिराती होत्या, खाली नुसता मोबाईल नंबर, ना लायसन्स नंबर ना काही. ते पत्र आणि त्या जाहिराती एका बैठकीत वाचल्या आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलोय. मी स्वतः सात वर्षं ओमानमध्ये मस्कतला काढून आलोय आणि आता बेळगावच्या शहापुरात रफूचं काम करतो.

आधी त्या काकांना सांगतो की पोरं का जातात. मी २००९ ला बीकॉम झालो, मराठी माध्यमातून. माझ्याकडं दोन फायली होत्या, एक कर्नाटकातल्या नोकऱ्यांची आणि दुसरी महाराष्ट्रातल्या. कर्नाटकच्या परीक्षेला कन्नड लागतं, बाजारात भाजी घ्यायला जेवढं लागतं तेवढं मला येतं, पण पेपर लिहायचा म्हणजे वेगळी गोष्ट. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसाला अर्ज करायची सोय ठेवलीय, पण तिथं बसणारी पोरं पुण्यात तीन-तीन वर्षं क्लास करून आलेली असतात आणि माझ्याकडं पुण्यात कॉट भाड्यानं घ्यायलापण पैसे नव्हते. १९५६ पासून हे असंच चाललंय, सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा आहे. बाबा दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या मूक सायकल फेरीला जायचे, मी लहान असताना मागं कॅरिअरवर बसून जायचो. ती सायकल अजून आमच्या परड्यात आहे. मी फेरीला आत्ताही जातो. पण फेरी संपल्यावर संध्याकाळी घरी चूल पेटवायला लागते आणि ते काम फेरीनं होत नाही.

आमचं घर विणकराचं. बाबांचे दोन माग होते, आई कांड्या भरायची आणि दुपारी शेजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, फॉल-पिको करायची. मी मशीन तिच्याकडनं शिकलो, पण दार लावून, कारण गल्लीतली पोरं चिडवायची, बीकॉम शिकून बायकांचं काम करूलालास काय गा म्हणून. नंतर उद्यमबागमध्ये एका फौंड्रीत बिलं लिहायला लागलो, महिना साडेचार हजार. २०१२ ला एका एजंटाला ६५ हजार दिले. त्यातले ४० हजार गल्लीतल्या सावकाराकडनं महिना तीन टक्क्यांनी काढले होते. एजंट म्हणाला सुपरमार्केटात अकाऊंटंट, १४० रियाल पगार. रियाल तेव्हा १४० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे १९-२० हजार, आम्हाला आभाळ ठेंगणं झालं.

मस्कतला उतरलो तर सुपरमार्केट नव्हतंच. रुवीच्या मागच्या गल्लीत एक शिलाईचं दुकान, तिथं हेल्पर म्हणून इस्त्री करायची, झाडू मारायचा, पगार ९० रियाल. पासपोर्ट अरबाबनं, म्हणजे मालकानं, ठेवून घेतला. तेव्हा तिथं कायदा असा होता की मालकाचं एनओसी नसेल तर दुसरीकडं काम धरता येत नव्हतं, ती अट २०२१ च्या जानेवारीत गेली, मी त्याच्या आधीच परतलो होतो. पहिले चार महिने घरी फोनवर खोटंच बोललो, हिशेब लिहायचं काम आहे म्हणून. आई विचारायची जेवलास काय, तेवढं मात्र खरं सांगायचो, दाल आणि खुबूस, म्हणजे तिकडची रोटी.

मग ईद आली. तिकडं ईदच्या आधी दर्जीला मान वर करायला वेळ नसतो, प्रत्येकाला नवीन डिशडाशा पाहिजे असतो. डिशडाशा म्हणजे ओमानी माणसाचा पायापर्यंतचा झगा, आणि ओमानच्या डिशडाशाची खूण म्हणजे गळ्यापाशी लोंबणारा गोंडा, त्याला फराखा म्हणतात, त्यात अत्तर लावतात. एक कारागीर तापानं पडला आणि मी न विचारता त्याच्या मशीनवर बसलो. उस्ताद हैदराबादचे होते, साठीचे, त्यांनी माझी सरळ शिवण बघितली, नखानं टाका मोजला आणि म्हणाले, किसने सिखाया. मी म्हणालो, माँ ने. त्या दिवसापासनं झाडू सुटला. दार लावून शिकलेलं काम परदेशात कामाला आलं आणि बीकॉमचं सर्टिफिकेट पेटीत राहिलं. मी त्या सर्टिफिकेटला नावं ठेवत नाही, हिशेबाची वही मी त्याच्या जोरावरच लिहिली, पण पोटाला आधार हाताच्या कामानं दिला. आमच्या पोरांनी हे पक्कं ध्यानात घ्यावं. बाहेर जायच्या आधी एक हातकाम अंगात मुरवून घ्या, मग ते वेल्डिंग असो, बेकरी असो, केस कापणं असो, म्हाताऱ्या माणसांची सेवा असो, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. एजंट खोटा निघाला तरी हात खोटा निघत नाही.

आता पैशाचं सांगतो, कारण खरी चूक माझी तिथं झाली आणि हीच चूक मला घराघरात दिसते. पहिली चार वर्षं मी महिन्याला साधारण ६० रियाल घरी पाठवत होतो, बाबांच्या साध्या खात्यावर. चार वर्षांत साडेचार लाख गेले असतील. सावकार फिटला, बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला, ही कामं करायचीच होती. पण लग्नात हॉल पाहिजे, आहेराला साड्या पाहिजेत, पोरगा गल्फला आहे म्हटल्यावर दोनशे पानं कशी वाढायची, पाचशे झाली. चुलतभावाच्या गाडीचं डाऊन पेमेंट गेलं. सोसायटीत बाबा तिघांना जामीन राहिले, त्यातला एक बुडाला. कुणी चोरी केली नाही, सगळी आपलीच माणसं, पण चार वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा पासबुकात ११ हजार होते. ते पासबुक मी मागच्या परड्यात त्या सायकलीपाशी उभा राहून बघितलं. घरचा खर्च महिन्याला सात हजारावरनं पंधरावर गेला होता आणि तो भागवायला मला मस्कतला परत जाणं भाग होतं. मी गेलो होतो मोकळा व्हायला आणि माझ्याच पैशानं माझी दोरी आखडत चालली होती.

त्या सुट्टीतच लग्न ठरलं. लग्नाच्या आधी मी बायकोला, म्हणजे तेव्हा होणाऱ्या, सगळा आकडा सांगितला, ११ हजारसुद्धा. ती खानापूर तालुक्यातली, त्यांच्या गावची पोरं गोव्याला हॉटेलात आणि बोटीवर जातात, तिला हे सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, किती पैसे झाले की तुम्ही परत येणार ते आत्ता सांगा. मला सांगता येईना. चार वर्षं परदेशात राहून हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मग आम्ही दोघांनी शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं, साडेसात लाख, २०१९ चा डिसेंबर. एवढंच.

परत गेल्यावर पहिलं काम केलं ते एनआरई खातं काढलं, म्हणजे बाहेर राहणाऱ्या भारतीयानं तिकडची कमाई इथं ठेवायचं खातं. हे खरं तर नोकरीसाठी बाहेर गेल्या गेल्याच करायचं असतं, नियमानं गावाकडचं आपल्या नावाचं साधं सेव्हिंग खातंपण एनआरओ, म्हणजे बाहेर राहणाऱ्याचं इथल्या पैशाचं खातं, करून घ्यावं लागतं, पण आमच्याकडं कुणी सांगत नाही. एनआरई खात्यावरच्या व्याजाला इथं टॅक्स नाही आणि पैसे पाहिजे तेव्हा परत बाहेर नेता येतात. माझ्या दृष्टीनं मोठा फायदा वेगळाच झाला. पैसे बाबांच्या खात्यात दिसायचे बंद झाले, त्यामुळं मागणाऱ्याला बाबा खरंच म्हणू शकायचे की माझ्याकडं नाहीत. घरखर्चाला २० रियाल वेगळे, बाकी १२० एनआरईला. तोपर्यंत पगार २१० झाला होता, खोली मालकाची, मेसला ३० लागायचे. चहा १०० बैशाला मिळायचा, हजार बैशांचा एक रियाल, तो दिवसाला एक. शुक्रवारी सगळे मस्कतच्या मत्रा भागातल्या बाजारात फिरायला जायचे, मीपण जायचो, समुद्राच्या कडेनं चालायला पैसे लागत नाहीत. मी काही उपाशी राहिलो नाही हे मुद्दाम लिहितो, कारण काटकसर म्हटली की लोकांना वाटतं पोट मारणं. माझ्या खोलीत एकजण फक्त खुबूस आणि कांदा खाऊन पैसे पाठवायचा, शेवटी आजारी पडून कर्ज काढून परतला. मी मेसमध्ये मासे खाल्ले, आठवड्यातनं दोनदा. फोन मात्र एकच सात वर्षं वापरला आणि सोनं आणलं नाही.

एक गोष्ट त्या वहीत लिहिता आली नाही. मुलगी झाली तेव्हा मी तिकडं होतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती अकरा महिन्यांची होती आणि माझ्याकडं येईना, रडून आईच्या मानेत तोंड घातलं. असं अकरा महिने देऊन जो पैसा येतो तो हॉलच्या भाड्यात घालवायचा का, हे प्रत्येक घरानं एकदा बसून ठरवावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

त्या शेवटच्या तीन वर्षांत मी उस्तादांकडनं रफू शिकलो. दुकान रात्री बंद झाल्यावर, फुकट. डोळे गेले तर हात कुणाला देऊ म्हणायचे. रफू म्हणजे ठिगळ नाही. भोक पडलेल्या कापडाच्याच आतल्या शिवणीतनं किंवा दुमडलेल्या काठातनं धागे काढायचे, रंग तोच, पीळ तोच, आणि भोकावर आधी उभे धागे लावायचे, मग सुईनं आडवा धागा एक वर एक खाली असा विणत न्यायचा, म्हणजे मागावर जे होतं तेच हातानं, एका बोटाच्या नखाएवढ्या जागेत. विणकराचा पोरगा म्हणून मला ते लवकर समजलं. मागच्या महिन्यात एक निवृत्त सुभेदार आले होते, मराठा लाईट इन्फंट्रीचे, त्यांच्या ब्लेझरला खिशाच्या वर कसर लागून तीन भोकं पडलेली. नवीन घेणार नाही म्हणाले, हाच पाहिजे, रेजिमेंटच्या कार्यक्रमाला जायचंय. मी बाहीच्या आतल्या बाजूनं धागा काढला, दोन दिवस लागले, घेताना त्यांनी ब्लेझर खिडकीपाशी उजेडात धरला आणि बराच वेळ भोक शोधत राहिले. सहाशे रुपये घेतले. पैठण्या येतात, लग्नातले शालू येतात, पूजेची सोवळी येतात, गोव्यातनं आणि धारवाडकडनंपण लोक येतात. पोरं म्हणतात काका हे काय काम आहे, पण शहापुरात साड्या विकणारी दुकानं शेकडो असतील आणि फाटलेली साडी नीट करून देणारा हुडकायला लागतो.

२०१९ च्या डिसेंबरात परतलो, रियाल तेव्हा १८० च्या वर होता, आकडा साडेसातच्या थोडा पुढं गेला होता. दीड लाख दुकानाचं डिपॉझिट आणि दोन मशीन, बाकी थोडं घराला आणि पाच लाख एफडीला. तीन महिन्यांत लॉकडाऊन लागला. दुकान बंद, हातात काम नाही, तेव्हा ती एफडी मोडावी लागली नाही, कारण आमचा महिन्याचा खर्च आम्ही आधीच खाली आणून ठेवला होता. आज चार माणसांचं घर १६ हजारात चालतं. स्लॅब आहे, भाडं नाही, गाडी सेकंड हँड, हप्ता एकही नाही. लाईट बिल कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत बसतं, २०० युनिटच्या आत. मुलगी मराठी शाळेत आहे, कन्नड घरी मी आणि ती एकत्र शिकतोय, मला जे आलं नाही ते तिला यावं. रफूतनं महिना १८ ते २५ हजार सुटतात. लाखाचं पॅकेज असलेल्या माणसाला हे थोडं वाटेल, पण सकाळी उठून कुणाला साहेब म्हणावं लागत नाही आणि एक महिना काम नाही आलं तरी कुणापुढं हात पसरावा लागत नाही. मी स्वातंत्र्य म्हणतो ते एवढंच आहे आणि ते मला परदेशानं दिलं असंपण मी म्हणणार नाही, कारण माझ्या खोलीतले काहीजण अजून तिथंच आहेत, २० वर्षं झाली, गावाकडं दुमजली बंगला बांधलाय आणि त्या बंगल्यात ते वर्षाला ३० दिवस राहतात.

आता जाणाऱ्या पोरांसाठी थोडं कामाचं, कारण माझ्या दुकानात आठवड्याला एक तरी विचारायला येतो. दहावी पास नसाल तर पासपोर्ट ईसीआर येतो, म्हणजे ओमान, सौदी, यूएई (दुबई), कुवेत, कतार, बहरीन, मलेशिया धरून १८ देशांत कामाला जाताना सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देशाबाहेर कामाला जायची परवानगी, लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवरनं होते. एजंटचं नाव त्याच पोर्टलवर तपासता येतं, नसेल तर उठून यायचं. लायसन्सवाल्या एजंटलासुद्धा ३० हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्याकडं लोक दीड-दोन लाख देतात आणि पावतीपण मागत नाहीत. व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो म्हणाला, की तो माणूस फसवतोय. फ्री व्हिसा, म्हणजे मालक नुसता नावाचा आणि काम आपलं आपण शोधायचं, म्हणून जे विकतात ते फ्रीपण नसतं आणि कायद्यातपण बसत नाही. प्रवासी भारतीय बीमा योजना आहे, दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, त्यात दहा लाखांचं कव्हर, एवढ्या पैशात इथं दोन माणसांचं जेवण होत नाही. करारपत्र हातात घेऊन, ज्याला वाचता येतं त्याच्याकडनं वाचून घ्या आणि एक झेरॉक्स आईपाशी ठेवा.

शिकलेल्या पोरांनी फक्त आखाताकडं बघू नये हेपण सांगतो. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे, १८ ते ३० वय, डिग्री पाहिजे, दोन वर्षं राहून काम करता येतं, भारताला वर्षाला ३ हजार जागा, सोडत निघते आणि त्या सोडतीत नाव घालायला पैसे नाहीत, मात्र व्हिसाच्या अर्जाला खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून तशीच एक वर्षाची वर्क अँड हॉलिडे सोय काढलीय, भारताला हजार जागा, सोडतीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. दोन्हीत एजंटची गरज नाही. तिथं जाऊन द्राक्षं तोडली, हॉटेलात भांडी घासली तरी चालेल, काम शिकून घ्या, लोक कसे राहतात ते बघा आणि परत कधी येणार ते जायच्या आधी लिहा. मुलींनीपण अर्ज करावा, आईबापांनी अडवू नये.

त्या ज्येष्ठ वाचकांना माझं एवढंच म्हणणं आहे की काका, पोरं गेली म्हणून लढा सुटला असं समजू नका. कर्जात बुडालेला पोरगा इथं राहिला तरी कुठल्या फेरीला येणार आहे, त्याला सुट्टी कोण देणार. पैसे साठवून, आकडा ठरवून परत आलेला माणूस १ नोव्हेंबरला दुकान बंद ठेवू शकतो, मी ठेवतो. आणि इथं राहणाऱ्या माणसांनीपण एक करावं, जो बाहेर आहे त्याच्या नावावर नवा खर्च उभा करू नये. लग्न छोटं करा, जामीन राहू नका, त्याला यायला जागा ठेवा.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. परदेशी नोकरीची जाहिरात छापताना एजंटचा लायसन्स नंबर असल्याशिवाय छापू नका, जाहिरात गेली तर थोडं नुकसान होईल ते मला कळतं. माझ्यासारख्या कुणाच्या तरी आईनं कांड्या भरून साठवलेले पैसे त्या मोबाईल नंबरावर जातात. परवाच वडगावचा एक पोरगा तुमच्या पेपरातलं कात्रण घेऊन दुकानात आला होता, ८० हजार भरायला निघालेला, आम्ही दोघांनी माझ्या फोनवर ते नाव पोर्टलवर शोधलं, सापडलं नाही. कात्रण त्यानं माझ्या टेबलावरच सोडलं. सोमवारपासनं तो सकाळी दोन तास माझ्याकडं सुई धरायला येतोय, अजून धागा सारखा तुटतोय त्याच्या हातनं, पण येतोय.

आपला नियमित वाचक,
एक रफूवाला
शहापूर, बेळगाव